फतव्याआधी प्रश्न वाचा

कुठेही युद्ध पेटलं आणि त्यातली एक बाजू मुसलमान असली, की दिवसभरात दोन गोष्टी फिरायला लागतात: कुरआनची अर्धी आयत आणि कुणाचा तरी फतवा. आयतीचा उरलेला अर्धा भाग कुठे गेला, फतवा कुणी दिला, कोणत्या प्रश्नाला दिला, हे विचारायला कुणाला सवड नसते. मराठीत तर ‘फतवा काढणे’ हा वाक्प्रचारच होऊन बसलाय. मुख्याध्यापकांनी मोबाईल आणू नका म्हटलं तरी तो फतवा! त्यामुळे फतवा म्हणजे हुकूम, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की ती काढल्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

आधी एक गोष्ट. ‘इस्लाम युद्धाबद्दल काय म्हणतो?’ असा ढोबळ प्रश्न फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, जुन्या ग्रंथांत विचारलेलाच नाही. तिथले प्रश्न बारीक आहेत. लढाई पुकारायचा अधिकार कुणाचा? समोरच्याशी करार आहे का, असला तर तो मोडल्याची सूचना दिली का? शत्रूच्या मुलखात व्यापाराला गेलेल्या मुसलमानाने तिथले कायदे पाळायचे की नाही? दूत म्हणून आलेल्याला हात लावता येतो का? या शाखेला ‘सियर’ म्हणतात. इमाम अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद बिन हसन शैबानी यांनी (मृत्यू ८०५) ती सविस्तर मांडली. त्यांचं लिखाण वाचताना प्रवचन ऐकतोय असं वाटत नाही, वकिलाच्या टेबलासमोर बसल्यासारखं वाटतं. अमुकाने तमुक केलं तर काय, आणि तो गुलाम असेल तर काय, आणि जहाजावर असेल तर काय.

आता ती अर्धी आयत. सर्वांत जास्त फिरते ती सूरह (अध्याय) तौबाची पाचवी: हराम महिने (ज्यांत लढाई वर्ज्य) सरले की मुश्रिकांना, म्हणजे अनेक देव मानणाऱ्यांना, सापडतील तिथे ठार करा. ही आयत घेऊन दोन प्रकारचे लोक येतात. एकांना मुसलमानांना झोडपायचं असतं, दुसऱ्यांना मुसलमानांना लढायला पाठवायचं असतं, आणि दोघेही ती एकाच जागी कापतात. कापलेलं परत जोडलं की काय दिसतं? चौथी आयत सांगते की ज्यांच्याशी करार झाला आणि ज्यांनी तो पाळला, त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत करार पाळा. सहावी सांगते की यांच्यापैकी कुणी आश्रय मागितला तर द्या आणि त्याला त्याच्या सुरक्षित जागी नेऊन पोचवा. तेरावीत कारण दिलंय: त्यांनी शपथा मोडल्या आणि पहिला वार त्यांनी केला. म्हणजे हा मजकूर हिजरी ९ मधला, विशिष्ट टोळ्यांनी मोडलेल्या विशिष्ट करारांबद्दलचा, आणि त्यातही आधी चार महिन्यांची मुदत दिलेली.

एवढ्यावर थांबून ‘पाहा, सगळं स्पष्ट आहे’ म्हणणं मात्र लबाडी होईल. पाचव्या आयतीच्या शेवटी, त्यांनी तौबा (पश्चात्ताप) केली, नमाज पढली आणि जकात दिली तर त्यांची वाट सोडा, अशी अट आहे, आणि तिच्यावरून जुन्या फुकहांनी (फिक्हच्या पंडितांनी) खरोखर भांडण केलं. लढाईचं कारण काय, समोरच्याचा हल्ला की समोरच्याचा कुफ्र, म्हणजे इस्लाम न मानणं? हनफी, मालिकी आणि हनबली या सुन्नी कायदेपरंपरांतल्या फुकहांपैकी बहुतेकांनी हल्ला किंवा शत्रुत्व हे कारण मानलं. शाफिई परंपरेतलं प्रबळ मत कुफ्रकडे झुकतं. इब्न रुश्द (मृत्यू ११९८) हा मतभेद शांतपणे नोंदवतात, कारण दोन्ही बाजूंचे लोक मोठे होते. साम्राज्यांच्या काळात, जेव्हा कुणाचंच कुणाशी कायमचं शांततेचं नातं नसे, तेव्हा दुसरं मत राजांना सोयीचं पडलं यात नवल नाही.

गाडी नेहमी अडते ती ‘नस्ख’वर. नस्ख म्हणजे नंतरच्या आयतीने आधीच्या आयतीचा हुकूम रद्द होणं. काही मुफस्सिरांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) एकट्या तौबाच्या पाचव्या आयतीने शंभराहून अधिक आयती रद्द ठरवल्या. तसं मानलं की माफी, संयम, सुलह (तह) हे सगळे शब्द कुरआनात छापलेले राहतात पण चलनातून जातात. सुयूती (मृत्यू १५०५) यांनी रद्द आयतींची यादी विसाच्या आसपास आणली. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) पाचावर आले. शंभराहून अधिक आणि पाच, यात केवढं अंतर आहे पाहा. कुणी आयत सांगून लढाईचं समर्थन करू लागला की त्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुमच्या हिशेबात नस्ख किती?

बाकी, कापाकापी फक्त तलवारवालेच करतात असं नाही. ‘ज्याने एक जीव घेतला त्याने जणू सगळ्या माणसांना मारलं’ ही माइदाची ३२वी आयत प्रत्येक बॉम्बस्फोटानंतरच्या निवेदनात असते. ती सुरू होते ‘बनी इस्राईलवर आम्ही हे लिहून ठेवलं’ या शब्दांनी, मध्ये ‘जिवाच्या बदल्यात किंवा धरतीवरच्या फसादाबद्दल नसताना’ असा अपवाद आहे, आणि लगेच ३३वीत त्या फसादाची कडक शिक्षा आहे. दहशतवादाविरुद्ध युक्तिवाद करायचा तर खरा आधार त्या ३३व्या आयतीत आहे: वाटेवर निरपराधांना घाबरवणं आणि मारणं हा ‘हिराबा’, आणि दहशतवाद त्यातच मोडतो, असं आजचे अनेक उलेमा (धर्मपंडित) म्हणतात. पण निवेदन लिहिणाऱ्याला गोड वाक्य हवं असतं, कलम नको असतं.

आता फतव्याचं शरीर पाहू. उर्दू फतव्यांच्या संग्रहात प्रश्न असा उघडतो: ‘क्या फरमाते हैं उलमा-ए-दीन व मुफ्तियान-ए-शरअ-ए-मतीन इस मसअले में...’, म्हणजे या बाबतीत धर्माचे जाणकार आणि शरीअतीचे मुफ्ती काय म्हणतात. मग हकीकत, बहुतेक वेळा झैद, अम्र, बकर अशा काल्पनिक नावांनी. याला इस्तिफ्ता म्हणतात. मग ‘अल-जवाब’, दलील, आणि शेवटी ‘वल्लाहु आलम’, म्हणजे खरं काय ते अल्लाहच जाणे. हे शेवटचे दोन शब्द शोभेचे नाहीत. मुफ्ती मत देतो, काझी निकाल देतो. निकाल बंधनकारक असतो, मत नसतं. मत पटलं नाही तर दुसऱ्या मुफ्तीकडे जायला कुणाची हरकत नाही. आणि मत हे विचारलेल्या हकीकतीपुरतंच असतं. प्रश्नात ‘शत्रू घरात शिरलाय’ असं लिहिलं तर उत्तर एक येईल. ‘शत्रूशी तह झालाय आणि तो पाळला जातोय’ असं लिहिलं तर दुसरं. मुफ्ती चौकशीला जात नाही. म्हणून प्रश्न ज्याने लिहिला, अर्धा फतवा त्यानेच लिहिला असं समजावं.

प्रश्न, तारीख आणि मूळ मजकूर न पाहता फतवा वापरला की काय होतं, याचा मारदीनइतका ढळढळीत नमुना दुसरा नाही. मारदीन हे आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेयेचं डोंगरावरचं शहर. तेराव्या शतकाच्या अखेरीस ते मंगोलांच्या पंखाखाली होतं. प्रजेत मुसलमान बरेच, सत्ता मंगोलांना बांधलेली. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांना विचारलं गेलं: हे शहर दारुल इस्लाम (इस्लामी सत्तेचा मुलूख) की दारुल हर्ब (शत्रूचा, युद्धाचा मुलूख)? तिथल्या मुसलमानांनी हिजरत (स्थलांतर) केली पाहिजे का? न केली तर ते गुन्हेगार का? उत्तर आलं की दोन्ही नाही, हा ‘मुरक्कब’, मिश्र प्रकार आहे. तिथल्या मुसलमानाशी त्याच्या हक्काप्रमाणे वागावं, आणि शरीअतीबाहेर गेलेल्याशी त्याच्या लायकीप्रमाणे... पुढचं क्रियापद महत्त्वाचं. हस्तलिखितात आहे ‘युआमल’, म्हणजे वागावं. १९०९च्या छापील आवृत्तीत पडलं ‘युकातल’, म्हणजे लढावं. अरबी लिपीत दोन्ही शब्द पाच अक्षरांचे, त्यातली तीन तीच आणि त्याच जागी. ऐनच्या जागी काफ आणि मीमच्या जागी ते आलं, बस. पुढच्या मोठ्या संग्रहात तीच चूक उतरली, कारण जुळणी करणाऱ्याने छापील प्रत पाहिली, हस्तलिखित नाही.

इजिप्तमधल्या मुहम्मद अब्दुस्सलाम फरजने आपल्या पुस्तिकेत मुसलमान राज्यकर्त्याविरुद्ध शस्त्र उचलायला याच फतव्याचा आधार घेतला. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी अन्वर सादात यांची संचलनात हत्या झाली, तो त्याच्याच गटाने घडवलेला कट. दोन अक्षरांनी खून केला असं कुणी म्हणणार नाही. ज्याला मारायचंच होतं त्याने दुसरा आधार शोधलाच असता. पण ‘लढावं’ वाचणाऱ्या शेकडो तरुणांपैकी कुणी ‘वागावं’ वाचलं असतं तर त्याच्या हाती निदान एक प्रश्न उरला असता. मार्च २०१० मध्ये मारदीनमध्येच उलेमांची परिषद भरली. दमास्कसच्या जाहिरिया ग्रंथालयातलं हस्तलिखित पुढे ठेवलं गेलं, आणि इब्न तैमियांचेच शिष्य इब्न मुफलिह यांनी आपल्या पुस्तकात हा फतवा ‘युआमल’ असाच उतरवलाय हेही दाखवलं गेलं. इतकं साधं काम व्हायला शंभर वर्षं लागली.

या फतव्यातली दुसरी गोष्ट त्या दोन अक्षरांच्या गोंधळात मागे पडते, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. दारुल इस्लाम आणि दारुल हर्ब ही जगाची दुफळी कुरआनात नाही, ती फुकहांनी केलेली वर्गवारी आहे. प्रसंग बदलल्यावर ती अपुरी पडली, आणि अत्यंत कडक समजल्या जाणाऱ्या आलिमानेच तिसरा खण उघडला.

लढाई पुकारायचा अधिकार कुणाचा? सुन्नी फिक्हचं ठरीव उत्तर: इमामाचा, म्हणजे राज्यकर्त्याचा. शत्रू अंगावर आला तर प्रत्येकावर बचाव ‘फर्जे ऐन’, वैयक्तिक कर्तव्य, होतो, नाहीतर लढाई ‘फर्जे किफाया’, सामूहिक कर्तव्य, पुरेशा लोकांनी केली की बाकीचे सुटतात. शिया फिक्हमध्ये बहुसंख्य मत असं की बारावे इमाम गैबतमध्ये, म्हणजे अदृश्य, असताना चढाईचा जिहाद नाही, फक्त बचावाचा. कागदावर चोख. प्रत्यक्षात?

नोव्हेंबर १९१४ मध्ये उस्मानी (तुर्की) साम्राज्याच्या शेखुल इस्लामांनी, म्हणजे सर्वोच्च मुफ्तींनी, पाच फतवे दिले. प्रश्न लांबलचक, उत्तर जवळजवळ एका शब्दाचं: होय. रशिया, इंग्लंड, फ्रान्स यांच्याविरुद्ध जिहाद फर्ज. आणि त्यांच्या राज्यातले जे मुसलमान उस्मानींच्या मदतनिसांशी, जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी लढतील ते मोठे गुन्हेगार. म्हणजे एका ख्रिस्ती सम्राटाविरुद्ध जिहाद आणि दुसऱ्या ख्रिस्ती सम्राटाच्या बाजूने जिहाद, एकाच कागदावर. रीतीने पाहिलं तर या फतव्यात खोट काढता येत नाही: खलिफा होता, शेखुल इस्लाम होते, सगळं यथासांग. तरी ब्रिटिश फौजेतले हिंदी मुसलमान शिपाई मेसोपोटेमियात तुर्कांशी लढले, आणि जून १९१६ मध्ये खुद्द मक्केचे शरीफ हुसैन खलिफाविरुद्ध उठले. अधिकार पूर्ण असूनही उम्मत (जगभरचा मुसलमान समाज) हलली नाही.

उलट टोक फेब्रुवारी १९९८चं. उसामा बिन लादेन आणि इतर चौघांनी सही केलेलं निवेदन: अमेरिकन आणि त्यांचे सहकारी, लष्करी असोत वा नागरी, यांना मारणं प्रत्येक मुसलमानावर फर्जे ऐन. बिन लादेन मुफ्ती नव्हता, त्याच्याशेजारी सही करणारा अल-जवाहिरी शल्यविशारद होता. ना राज्य, ना इमामत. आणि ‘लष्करी वा नागरी’ या तीन शब्दांनी त्यांनी पहिले खलिफा अबू बक्र सिद्दीक यांनी फौजेला दिलेली ताकीद पुसून टाकली. इमाम मालिक यांच्या मुवत्ता या जुन्या हदीससंग्रहात ती दहा कलमांनी नोंदलेली आहे: बाईला, मुलाला, म्हाताऱ्याला मारू नका, फळझाडं तोडू नका, खाण्यापुरती सोडून बकरी किंवा उंट कापू नका, मधमाश्यांची पोळी जाळू नका... आणि मठात बसलेल्यांना त्यांच्या कामावर सोडा.

या दोन्हींच्या मधला, आणि म्हणूनच सर्वांत शिकण्यासारखा, फतवा इराकमधला. १० जून २०१४ रोजी मोसुल आयसिसच्या हाती पडलं. १३ तारखेला करबलाच्या जुम्याच्या खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) इराकमधले ज्येष्ठ शिया धर्मगुरू आयतुल्लाह सिस्तानी यांच्या प्रतिनिधीने त्यांचं म्हणणं वाचून दाखवलं: ज्यांना शस्त्र धरता येतं त्या नागरिकांनी देश, लोक आणि पवित्र स्थळं यांच्या रक्षणासाठी सुरक्षा दलांत स्वेच्छेने दाखल व्हावं, हे वाजिबे किफाई, म्हणजे सामूहिक कर्तव्य, आहे. त्यात शिया म्हटलेलं नाही, ‘नागरिक’ म्हटलंय. पथक काढा म्हटलेलं नाही, सरकारी दलांत जा म्हटलंय. झालं काय? कोसळलेल्या सैन्याकडे इतकी माणसं सामावून घ्यायची ताकद नव्हती आणि आधीपासून शस्त्र बाळगून असलेले गट तयार होते. बरीच गर्दी त्यांच्याकडे गेली, हश्दुश्शाबी ही सशस्त्र गटांची आघाडी उभी राहिली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये संसदेने कायदा करून तिला सरकारी शिक्का दिला. २०१५ मध्ये सिस्तानींना लढणाऱ्यांसाठी वीस कलमांचा वेगळा उपदेश काढावा लागला, कारण परत घेतलेल्या गावांतून लुटीच्या आणि सूडाच्या तक्रारी येत होत्या. फतव्याचा मजकूर नेमका होता. जिला तो अमलात आणायचा होता ती यंत्रणाच जागेवर नव्हती.

करारांकडे वळलं की हुदैबिया टाळता येत नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणावर मुसलमान जे काही बोलतात त्यातलं निम्मं तरी या एका तहाशी बांधलेलं असतं. सन ६२८. पैगंबर मुहम्मद (स.) सुमारे १४०० सोबत्यांसह उमरा (मक्केची छोटी यात्रा) करायला निघाले, तिथल्या कुरैश टोळीने त्यांना मक्केबाहेर अडवलं. बोलणी करायला सुहैल बिन अम्र आला. हजरत अली लिहीत होते. ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ लिहिलं, सुहैल म्हणाला हे नको, आमच्या रीतीने ‘बिस्मिक अल्लाहुम्मा’ लिहा. लिहिलं. ‘अल्लाहचे रसूल मुहम्मद’ लिहिलं, तो म्हणाला तुम्हाला रसूल मानलं असतं तर वाट अडवली असती का, बापाचं नाव लिहा. अलींचा हात धजेना, तेव्हा पैगंबरांनी स्वतः ते शब्द पुसवले. कलमं: दहा वर्षं लढाई बंद. यंदा परत जा, पुढच्या वर्षी तीन दिवसांसाठी या, तलवारी म्यानात. टोळ्यांनी हवी ती बाजू धरावी. आणि सगळ्यांत कडू कलम: मक्केहून वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय पळून आलेल्याला मदीनेने परत करायचं, पण मदीनेहून मक्केला गेलेल्याला मक्का परत करणार नाही.

शाई वाळायच्या आत अबू जंदल बेड्या घासत तिथे पोचला. मुसलमान झाला म्हणून डांबून ठेवलेला, आणि डांबणारा बाप म्हणजे समोर बसलेला सुहैलच. एवढ्या एकाला सोड, अशी विनंती झाली. सुहैलने नाही म्हटलं. अबू जंदल परत गेला. हजरत उमर यांचा संताप सीरतच्या (पैगंबरचरित्राच्या) पुस्तकांत नोंदलेला आहे. परतीच्या वाटेवर सूरह फतह उतरली आणि तिने या तहाला ‘उघड विजय’ म्हटलं.

याची पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. अबू बसीर नावाचा आणखी एक जण मदीनेला पळून आला. करारानुसार त्याला परत दिलं. वाटेत त्याने नेणाऱ्यांपैकी एकाला मारलं, पण मदीनेत त्याला ठाव मिळाला नाही, म्हणून तो समुद्रकाठी जाऊन राहिला. अबू जंदल आणि इतर पळालेले त्याला मिळाले आणि कुरैशांचे काफिले लुटू लागले. मदीना म्हणाली, तो आमच्या ताब्यात नाही. शेवटी कुरैशांनीच विनंती केली की ते परतीचं कलम रद्द समजा, यांना बोलवून घ्या. आजचे सशस्त्र गट अबू बसीरचा दाखला देतात: करार सरकारचा, आमचा नाही. सरकारं अबू जंदलचा दाखला देतात: शब्द दिला तर स्वतःचा माणूससुद्धा परत करायचा. दोन्ही दाखले एकाच तहातले. फरक एवढाच की अबू बसीरला मदीनेने पैसा, शस्त्र किंवा हुकूम दिला नव्हता, आणि आज गट पोसणारी सरकारं हा भाग गाळून वाचतात.

शिवाय सूरह अनफालची ७२वी आयत आहे, जी भावनेच्या भरात कुणालाच आठवत नाही: धर्माच्या बाबतीत त्यांनी तुमच्याकडे मदत मागितली तर मदत करणं तुमच्यावर आहे, पण ज्या लोकांशी तुमचा करार आहे त्यांच्याविरुद्ध नाही. बांधवांच्या हाकेपेक्षा दिलेला करार जड. आणि ५८वी सांगते की दगाबाजीची भीती वाटली तर करार उघडपणे त्यांच्यासमोर परत टाका. गुपचूप वार चालत नाही.

दहा वर्षांच्या कलमावरून फिक्हमध्ये गणित झालं. इमाम शाफिई म्हणाले, तह दहा वर्षांहून लांब नको, कारण पैगंबरांनी तेवढाच केला. हनफींनी मुदत मसलहतीवर (लोकहितावर) सोडली. हा वाद पुस्तकातच राहिला असता, पण इस्राईलचा प्रश्न आला. १९५६च्या जानेवारीत कैरोच्या अझहर विद्यापीठाच्या फतवा समितीने सांगितलं की इस्राईलशी सुलह जायज नाही, कारण ती बळकावलेल्या जमिनीला मान्यता ठरते. २६ मार्च १९७९ रोजी इजिप्तने करार केला आणि अझहरनेच तो जायज ठरवला, आधार हुदैबिया आणि अनफालची ६१वी आयत: ते सुलहकडे झुकले तर तुम्हीही झुका. १९९४च्या सुमारास सौदी मुफ्ती बिन बाज यांनीही तेच म्हटलं, राज्यकर्त्याला मसलहत दिसली तर सुलह करता येते. कतारमधून युसूफ करजावींनी जाहीर खंडन केलं. आयतीवर त्यांचा आक्षेप नव्हताच. त्यांचा प्रश्न होता, जमीन दाबून बसलेला ‘झुकला’ असं कशावरून? आयत एकच, भांडण हकीकतीचं. म्हणूनच मी म्हणतो की आधी प्रश्न वाचा.

आजची बहुतेक मुसलमान राष्ट्रं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सही करून बसली आहेत. सीरियाचे वहबा जुहैली (१९३२–२०१५) यांच्यासारख्या फुकहांनी यातूनच मांडलं की राष्ट्रांमधला मूळ नियम शांतता हा आहे आणि युद्ध अपवाद. व्हिसासुद्धा याच चौकटीत बसतो. जुन्या फिक्हमध्ये ‘अमान’ म्हणजे अभयपत्र कुणीही साधा मुसलमान देऊ शकत असे; मक्काविजयाच्या दिवशी उम्मे हानी यांनी दिलेलं अमान पैगंबरांनी मान्य केलं. आज दूतावासाचा शिक्का म्हणजे अमान, आणि तो दुहेरी असतो: तो घेऊन परदेशात गेलेल्या मुसलमानाने तिथे घातपात केला तर तो गद्र, विश्वासघात, ठरतो. २०१४च्या सप्टेंबरमध्ये १२६ उलेमांनी आयसिसचा म्होरक्या बगदादीला जे २४ कलमांचं खुलं पत्र लिहिलं, त्यात दूतांना मारायला मनाई म्हणून पत्रकार आणि मदतकार्यकर्त्यांना मारायलाही मनाई, असा कियास (तुलनेने काढलेला निष्कर्ष) आहे. पत्राचं पहिलंच कलम फतवा देण्याच्या पात्रतेचं. ते पत्र उदारमतवादी आहे असं समजून वाचायला घेणारा मात्र दचकेल: हुदूद (शरीअतीने ठरवलेल्या शिक्षा) नाकारलेले नाहीत, खिलाफतही नाकारलेली नाही, फक्त अटी आणि सहमतीशिवाय नाही असं म्हटलंय. ज्यांना पटवायचं होतं त्यांच्याच भाषेत लिहिल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता.

सरकारांचं काय? उम्मत एका शरीरासारखी, एक अवयव दुखला तर सगळं शरीर जागं राहतं, ही हदीस प्रत्येकाला पाठ असते. पण नागोर्नो काराबाखच्या वादात शियाबहुल अझरबैजानच्या पाठीशी सुन्नीबहुल तुर्कस्तान, आणि शिया इराणचे जवळचे व्यवहार ख्रिस्ती आर्मेनियाशी. १९८० ते ८८ इराण आणि इराक एकमेकांना रक्तबंबाळ करत होते. जानेवारी १९९१ मध्ये बाथ पक्षाच्या सद्दामने झेंड्यावर ‘अल्लाहु अकबर’ लिहवून घेतलं, तर समोरच्या बाजूला सौदी उलेमांनी अमेरिकन फौजेला बोलावणं आधीच जायज ठरवलं होतं.

इस्लामी सहकार्य संघटना १९६९ मध्ये रबातला जन्मली, अल-अक्सा मशिदीतल्या आगीनंतर. ५७ सदस्य, मुख्यालय जेद्दा, स्वतःची फौज नाही, ठराव शक्यतो सर्वसहमतीने. सर्वसहमती म्हटली की ज्याचा कुणाशी व्यापार आहे तो ते वाक्य बोथट करून घेतो. मार्च २०१९च्या अबुधाबीच्या ठरावात उइगुरांबद्दलची काळजी दूरच, मुसलमान नागरिकांची निगा राखल्याबद्दल चीनचं कौतुक आहे.

आणि त्याच वर्षी, ११ नोव्हेंबरला, आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या सदस्य देशाने रोहिंग्यांसाठी म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तांबाडू रवांडाच्या नरसंहार खटल्यांत वकील म्हणून काम केलेले. बांगलादेशातल्या छावण्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. अर्जात जिहाद नव्हता, उम्मतही नव्हती, १९४८च्या नरसंहारविरोधी कराराची कलमं होती. गांबिया आणि म्यानमार दोघेही त्या कराराने बांधलेले आहेत. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिले. म्यानमारचा एक आक्षेप होता की खरा फिर्यादी गांबिया नाहीच, पैसा आणि पाठबळ देणारी इस्लामी संघटना आहे, आणि संघटनेला या न्यायालयात उभं राहता येत नाही. २२ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने तो फेटाळला: मदत कुणाचीही असो, गांबिया स्वतःच्या नावाने आला आहे.